दवाखान्याच्या दिवशी न घेतलेली गोळी

माझ्या आईची औषधे एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. डब्यात गोळ्यांच्या बऱ्याच पट्ट्या आहेत, पण त्यांतली एकही पूर्ण नाही. औषधवाल्याकडून चार-चार, सहा-सहा गोळ्या कापून आणल्यामुळे औषधाचे नाव एका तुकड्यावर अर्धे असते, दुसऱ्यावर अर्धे, आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते. आई या गोळ्यांना नावाने ओळखतच नाही. तिच्या लेखी 'पांढरी मोठी' साखरेची, 'हिरवी बारीक' तीही साखरेचीच, 'गुलाबी' प्रेशरची आणि 'पाण्याची' म्हणजे लघवी जास्त होऊन रक्तदाब उतरावा म्हणून दिलेली. पालिकेच्या रुग्णालयातल्या खिडकीवर कधी दुसऱ्या कंपनीचा माल आला आणि गुलाबीच्या जागी पिवळी गोळी मिळाली, की ती जुनी गुलाबी आणि नवी पिवळी अशा दोन्ही घेते किंवा दोन्ही घेत नाही. औषध तेच आहे, फक्त रंग बदलला आहे, हे तिला खिडकीवर कोणी सांगत नाही, आणि मागे सत्तर माणसे उभी असताना खिडकीतल्या माणसालाही ते सांगण्याची सवड नसते.

आई ७४ वर्षांची आहे. तिला मधुमेह होऊन १९ वर्षे झाली आणि रक्तदाब त्याहून जुना आहे. ती लालबागच्या चाळीत राहते, मी डोंबिवलीला. गेली सहा वर्षे मी रजा टाकून तिला रुग्णालयात घेऊन जाते, अलीकडेपर्यंत दर दोन महिन्यांनी. पहिली तीन-चार वर्षे मीही तिला आणि तिच्याबरोबर रांगेत बसणाऱ्या बायकांना तेच ऐकवत होते, जे सगळे ऐकवतात : तुम्ही पथ्य पाळत नाही, गोळ्या चुकवता, कोणी काहीही सांगितले की विश्वास ठेवता. आता मला तसे म्हणवत नाही. ज्याला आपण त्यांची समजूत म्हणतो, तिच्या तळाशी बहुतेक वेळा एखादा जिना, एखादा संडास, एखादी न परवडणारी चिठ्ठी किंवा कधीकाळी डॉक्टरनेच सांगितलेली गोष्ट असते, हे मला त्या बाकड्यावर बसून कळत गेले, आणि तेही उशिरा.

पाण्याच्या गोळीपासूनच सुरुवात करते. ही गोळी सकाळी घ्यायची असते, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. ती घेतली की पुढचे तीन-चार तास वरचेवर लघवीला जावे लागते. औषधाचे कामच ते आहे. आईच्या मजल्यावर सोळा खोल्या आहेत आणि गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास. सकाळी सहा ते नऊ तिथे रांग असते, बादल्या लागलेल्या असतात, फरशी ओली असते. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतही शंभर वर्षे हीच रचना होती : १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. तिशीतली बाई ही अडचण निभावून नेते. सत्तरीतली, दुखऱ्या गुडघ्यांची, दोन-तीन बाळंतपणांनंतर लघवीवरचा ताबा थोडा सुटलेली बाई ती निभावू शकत नाही, आणि हे ती कोणाजवळ बोलतही नाही. आई संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसे. वर्षातून दोनदा लघवीला जळजळ होत असे, त्यासाठी निराळी औषधे येत. या दोन गोष्टींचा संबंध आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

रुग्णालयाचा दिवस तर याहून अवघड. आई पहाटे पाचला उठते. सकाळी साडेसहाला आम्ही निघतो, कारण केसपेपरची खिडकी उघडण्याआधी रांगेत उभे राहिले नाही तर डॉक्टरपर्यंत पोहोचायला दुपार होते. उपाशीपोटी रक्त द्यायचे असते म्हणून पोटात चहाही नसतो. रक्त दिल्यावर डब्यातली पोळीभाजी जिन्याच्या कठड्याला टेकून खायची आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. या सगळ्या वेळात बायकांचे स्वच्छतागृह एक मजला खाली असते, एक दार बंद, दुसऱ्याला कडी नसलेले. आणि रांग सोडून गेले तर नंबर जातो. मुंबईत २०११ पासून बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम चालली, तिच्या बातम्या मी तेव्हा वाचल्या होत्या. पण त्या मागणीचा माझ्या आईच्या रक्तदाबाच्या आकड्याशी थेट संबंध असेल, असे मनात आले नव्हते.

हा संबंध मला एका अनोळखी मावशींनी दाखवला. बाकड्यावर शेजारी बसल्या होत्या, काळाचौकीच्या. मी आईला नेहमीप्रमाणे विचारले, "सकाळच्या गोळ्या घेतल्यास ना?" आई "हो" म्हणाली. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाण्याची गोळी घेऊन इथं कोण येतं गं पोरी? मी तर आदल्या दिवशीपासनंच बंद ठेवते." आई खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी पण."

आता याचा पुढचा हिशेब मांडून पाहा. ज्या दिवशी रक्तदाब मोजला जातो, नेमक्या त्याच दिवशी ती गोळी पोटात नसते. वर रात्री नीट झोप नाही, चालून आल्याचा दम, लघवी तुंबलेली (नुसत्या तुंबलेल्या लघवीनेही रक्तदाब चढतो). सिस्टर पट्टा बांधते, आकडा येतो १७६ आणि ९८. डॉक्टर विचारतात, "गोळ्या वेळेवर घेता ना?" आई म्हणते, "हो", कारण "नाही" म्हटले तर सगळ्यांसमोर ओरडा बसतो. डॉक्टरांच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे : औषध घेऊनही रक्तदाब आटोक्यात नाही, म्हणजे औषध कमी पडते आहे. ते गुलाबी गोळी, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेतात. अ‍ॅम्लोडिपिनचा डोस वाढला की बऱ्याच जणींचे घोटे सुजतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी पायांच्या ऊतींमध्ये झिरपते. दोन महिन्यांनी आई सुजलेले पाय घेऊन गेली, तेव्हा सूज उतरावी म्हणून पाण्याच्या गोळीचा डोस वाढवला गेला. म्हणजे जी गोळी संडासाच्या भीतीने घेतली जात नव्हती, तीच आता दुप्पट झाली. वास्तविक अ‍ॅम्लोडिपिनची सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. आई मात्र सरळ निष्कर्षावर आली होती : "प्रेशरच्या गोळ्यांनी अंगात पाणी भरतं." तिच्या पायांकडे पाहिले तर तिचे म्हणणे खोटे नव्हते.

हा गुंता सोडवला तो एका शिकाऊ डॉक्टर मुलीने, आणि तिने फक्त प्रश्न बदलला. "गोळ्या वेळेवर घेता ना?" असे न विचारता तिने केसपेपर बाजूला ठेवून विचारले, "आजी, आज सकाळी उठल्यापासून कोणकोणती गोळी घेतलीत?" पहिल्या प्रश्नाला "हो" एवढेच उत्तर असते. दुसऱ्याला सकाळ सांगावी लागते. आईने सकाळ सांगितली आणि तिच्यात पाण्याची गोळी आली नाही. त्या मुलीने पुन्हा विचारले, "का नाही घेतली?" आणि आईने, मला वाटते आयुष्यात प्रथमच, एका डॉक्टरला सांगितले की इथे लघवीला जायची सोय नाही म्हणून. गुलाबी गोळी पुन्हा ५ वर आली, पाण्याच्या गोळीचा वाढवलेला डोसही पहिल्यासारखा झाला, महिन्याभरात घोटे दिसू लागले. या सगळ्याला सहा मिनिटे लागली असतील. ती सहा मिनिटे त्या मुलीने कुठून काढली कोण जाणे, कारण बाहेर रांग तेवढीच होती.

दुसरी गोष्ट उपवासाची. आईची संकष्टी आहे, दोन्ही एकादश्या आहेत, श्रावणी सोमवार आहेत आणि नवरात्राचे नऊ दिवस आहेत. लग्न झाल्यापासून, म्हणजे ५३ वर्षे ती हे करते आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, खिचडीची बशी खाल्ली की साखर झपाट्याने वर जाते, हे तिला कधीचेच सांगून झाले आहे आणि तिने ते मान्यही केले आहे. खरा धोका मात्र याच्या उलट टोकाला होता. संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा होतो, तोवर पोटात चहा आणि थोडे शेंगदाणे. 'हिरवी बारीक' गोळी ग्लिमेपिराइडची आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास आईला घाम सुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिने त्याचा अर्थ लावला की ही गोळी आपल्याला 'सोसत नाही', आणि उपवासाच्या दिवशीच नव्हे तर एरवीही ती बंद केली. घरात आम्ही म्हणत राहिलो की आई गोळ्यांना घाबरते.

ती घाबरत होती ती साखर उतरण्याला, आणि तिची भीती रास्त होती. या वयात साखर थोडी वर राहण्यापेक्षा एकाएकी खाली जाणे अधिक घातक असते. बाई पडते, खुब्याचे हाड मोडते आणि मग उठतच नाही. म्हणूनच म्हातारपणी, सोबत इतर आजार असतील तर 'तीन महिन्यांच्या साखरे'चे (म्हणजे तीन महिन्यांतली सरासरी साखर टक्क्यांत दाखवणाऱ्या एचबीए१सी या रक्ततपासणीचे) उद्दिष्ट तरुणांपेक्षा सैल ठेवतात. जाणती डॉक्टरमंडळी सातचा हट्ट न धरता आठच्या आसपासही समाधान मानतात. पण त्यासाठी समोरची बाई महिन्यातून किती दिवस उपाशी असते, हे आधी ठाऊक हवे. केसपेपरवर तंबाखूची नोंद असते, दारूची असते. उपवासाची नोंद मी तरी अजून पाहिलेली नाही. एवढेच कशाला, रोजच्या दिवशीही 'जेवणाआधी अर्धा तास' अशी सूचना असलेली गोळी आई साडेबाराला घ्यायची, मग सगळ्यांना वाढायची, भांडी आवरायची आणि स्वतः सव्वादोनला पानावर बसायची. तिच्या पिढीत जेवणाची वेळ ही घराची असते, बाईची नसते.

उपवास सोडायला तिला कोणी सांगितले असते तर तिने ऐकले नसते, आणि सोडायला सांगूही नये असे मला वाटते. आजारी, म्हातारे आणि लहान मुले यांना उपवासात सूट आहे, हे तिच्याच परंपरेत आहे आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तिने स्वतःच तोडगा काढला. आता ती संकष्टीला दुपारी बाराला ताक, राजगिऱ्याची भाकरी आणि दुधीची भाजी खाते, रात्री चंद्र पाहून जेवते, आणि हिरवी गोळी त्या दिवशी घेऊ नये असे डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. हे डॉक्टरांना विचारूनच करावे, कारण प्रत्येकीच्या गोळ्या निराळ्या असतात.

आता त्या समजुतींकडे वळते, ज्यांवर आपण सगळ्यात लवकर हसतो किंवा चिडतो. साखरेच्या गोळ्यांनी किडनी जाते, असे चाळीतल्या जवळपास सगळ्या वयस्क बायका मानतात. हे मत आले कुठून? त्यांनी पाहिलेले असते की अमुकतमुक काकू वर्षानुवर्षे पांढरी गोळी घेत होत्या, एक दिवस रक्ताच्या तपासणीत किडनीचा आकडा वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी ताबडतोब ती गोळी बंद केली. आता, गोळी निर्दोष असेल तर बंद कशाला केली, हा प्रश्न कोणालाही पडेल. पांढरी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. तिने किडनी खराब होत नाही. किडनी खराब होते ती अनेक वर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. किडनीचे काम फारच मंदावले तर मेटफॉर्मिन शरीरात साठू शकते, म्हणून ते थांबवतात. हे दोन वाक्यांत समजावून सांगता येते, पण ते कोणी समजावत नाही. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की ज्या गोळ्या खरोखर किडनीला जड जातात, त्या गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, याच बायका औषधवाल्याकडून चिठ्ठीशिवाय नेतात, कारण त्यांनी लगेच बरे वाटते आणि त्यासाठी रुग्णालयाचा अख्खा दिवस मोडावा लागत नाही. गुडघ्यासाठी कोणीतरी आणून दिलेल्या बिननावाच्या पुड्यांबद्दल तर डॉक्टर वारंवार सांगत असतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते आणि त्याने साखर भडकते.

इन्सुलिनचेही तसेच. "सुई लागली म्हणजे संपलं," असे चाळीतल्या साताऱ्याच्या काकू म्हणतात, आणि त्या तीन बायकांची नावे घेतात, ज्यांना इन्सुलिन सुरू झाले आणि वर्ष-दीड वर्षात ज्या गेल्या. काकूंनी पाहिलेले खरे आहे. फक्त त्या तिघींना इन्सुलिन इतके उशिरा मिळाले की तोवर पाय आणि किडन्या हातच्या गेल्या होत्या. जे औषध १९२२ साली टोरोंटोतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला मरणाच्या दारातून परत आणण्यासाठी प्रथम दिले गेले, ते आमच्या गॅलरीत मरणाची वर्दी देणारे ठरले, कारण ते कायम शेवटीच येते.

आणि मोतीबिंदू. "अजून पिकला नाही, पिकू दे," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि आईला डाव्या डोळ्याने जवळपास दिसेनासे झाले तरी ती तेच म्हणत होती. नेत्रतज्ज्ञ वैतागले. पण हे वाक्य अडाणीपणाचे नाही. हा त्या वेळच्या डॉक्टरांचाच सल्ला होता. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत अख्खे भिंग बाहेर काढत, त्यामुळे ते पिकण्याची वाट पाहणेच योग्य होते. पुढे तंत्र बदलले, भिंग आतल्या आत फोडून बारीक छेदातून काढता येऊ लागले, तेव्हा उलट फार पिकू देणे अडचणीचे झाले. डॉक्टरांचे शास्त्र पुढे गेले. आईच्या आईला दिलेला सल्ला परत घ्यायला मात्र तिच्या दारी कोणी आले नाही. असे मागे राहून गेलेले सल्ले या बायकांजवळ किती असतील, याचा कोणीतरी शोध घ्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. माझे वडील गिरणीत होते, त्यामुळे आम्हा सगळ्यांचे औषधपाणी कामगार विम्यातून, ईएसआयच्या दवाखान्यातून होई. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही आणि ते कार्डही गेले. आई तेव्हा ३१ वर्षांची होती. त्यानंतर तिने बारा वर्षे खाणावळ चालवली : चौदा माणसांचे दोन वेळचे जेवण, रॉकेलच्या दोन स्टोव्हांवर, दहा बाय बाराच्या खोलीत. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. त्यांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तो इतिहास अनेकांना ठाऊक आहे. पण या बायकांचे काम कोणत्याही विम्याच्या कायद्यात बसत नव्हते. नवऱ्याच्या नावावर होते तोवर औषध होते, त्याची नोकरी गेली की तेही गेले. आई आजही आजारपण सांगताना आधी विचारते, "रजा मिळेल का तुला?" तिच्या डोक्यात औषधोपचार ही दुसऱ्या कोणाच्या तरी नोकरीला लागून येणारी गोष्ट आहे, आणि आयुष्यभराच्या अनुभवावरून तिने काढलेला हा निष्कर्ष मला चुकीचा म्हणता येत नाही.

सरकारी योजना आल्या, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. राज्यात २०१२ पासून जीवनदायी योजना होती, तिला २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव मिळाले. आणि ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. आईचे कार्ड मी स्वतः काढून आणले. तिने त्याला प्लास्टिक घालून घेतले, देव्हाऱ्याच्या खणात ठेवले आणि पुढच्या आठवड्यात ते घेऊन औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने सांगितले की हे कार्ड दाखल झालात तर चालते, गोळ्यांना नाही. ती परत आली आणि काही बोलली नाही. पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते अंथरुणाला खिळल्यावर. मधुमेह आणि रक्तदाब हे रोजचे आजार आहेत, त्यांचा खर्च रोज चार गोळ्यांनी होतो, आणि अंथरूण धरावे लागू नये म्हणूनच त्या गोळ्या असतात. आईला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये मिळतात. खिडकीवर औषध नसले आणि "बाहेरून घ्या" अशी चिठ्ठी मिळाली, की महिन्याची औषधे त्यातला मोठा वाटा खातात. जनऔषधी केंद्रात तीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात, पण तिथे जायचे तर पूल चढून पलीकडे जावे लागते, आणि पूल हा गुडघ्यांचा प्रश्न आहे. म्हणून चार-चार गोळ्या. म्हणून तो पत्र्याचा डबा.

देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आले. एवढ्या माणसांना मोठ्या रुग्णालयांच्या रांगांत उभे करणे कोणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पालिकेने २०२२ च्या अखेरीपासून वस्त्यांजवळ 'आपला दवाखाना' सुरू केले, त्यांतले काही संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असतात. आईच्या चाळीपासून असा एक दवाखाना सात-आठ मिनिटांच्या चालीवर आहे, मध्ये जिना नाही, पूल नाही. मी तिला पहिल्यांदा तिथे नेले तेव्हा ती नाखूश होती. "छोटा दवाखाना म्हणजे छोटे डॉक्टर," असे तिचे मत. तिसऱ्या खेपेला ती माझी वाट न बघता साताऱ्याच्या काकूंना घेऊन गेली. संध्याकाळी पाचला, म्हणजे पाण्याची गोळी सकाळी घेऊन, तिचे काम घरच्या घरी संपवून, स्वयंपाकाला लागण्याच्या आधी. त्या दिवशी तिचा रक्तदाब १३८ आणि ८० भरला. फोनवर तो आकडा तिने मला दोनदा सांगितला.

मोठ्या रुग्णालयात आता वर्षातून दोनदाच जावे लागते, डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासण्यासाठी. पुढची तारीख गुरुवारी आहे. प्रत्येक खेपेला डॉक्टर नवे असतात, म्हणून मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून नेते : कोणत्या तिथींना उपवास असतो, दुपारी जेवायला किती वाजतात, कोणत्या रंगाची गोळी कधीपासून आणि कशाची आहे. काल रात्री मी तो कागद तिला वाचून दाखवला. तिने चष्मा लावून स्वतःही एकदा पाहिला आणि म्हणाली, "वर अजून एक ओळ लिही. आज पाण्याची गोळी घेतलेली नाही, घरी गेल्यावर घेणार आहे, असं लिही. म्हणजे मला सांगायला नको."

मी ती ओळ सगळ्यात वर, लाल शाईने लिहिली आहे.